देवरावनं सांगितलेली जागा

देवराव निमगडे फोटो काढतो असं सांगितलं, की मूल गावातली निम्मी माणसं विचारतात, कोणाच्या लग्नाचे? उरलेली निम्मी विचारतात, पासपोर्टचे किती वेळात देते? गेल्या सहा वर्षांत त्यानं एकाही लग्नाचा फोटो काढलेला नाही. पासपोर्टचा एकदाच काढला, तोही माझा, आणि बँकेनं तो परत केला, कारण त्यात माझा उजवा कान तेवढा लख्ख आला होता आणि बाकीचा चेहरा धुक्यात गेला होता. मी चिडलो, तर हा म्हणतो, "पन कान पाहा ना कसा आला!"

आम्ही दोघं एकाच राईस मिलमध्ये आहोत. मी गोदामात, तो धर्मकाट्यावर. धानानं भरलेला ट्रॅक्टर आधी त्याच्या काट्यावर उभा राहतो, त्याचं वजन होतं, मग तो आत येतो. सव्वीस वर्षं हा माणूस त्या खिडकीत बसलाय. बाकी ठिकाणी गाडीवाले उतरून, वाकून वाकून आकडा बघतात. इथं खिडकीतून हात हलवतात आणि पुढं जातात. "निमगडेभाऊ हाये ना? मंग झालं." त्याच्या बायकोला, माधवीवहिनींना, या गोष्टीचा फार अभिमान आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि नवऱ्याची स्तुती त्याच्या तोंडावर कधी करत नाहीत, पण माझ्यासमोर करतात.

कॅमेरा आला तेव्हा मात्र त्यांनी स्तुती केली नाही. गावातल्या पत्रूनं आपलं फोटोचं दुकान बंद केलं, त्याच्याकडचा जुना कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स देवरावनं घेतली. "घरात मिक्सर बिघडून पडला हाये अन् यायले पाखरायचे फोटो पायजे," असं त्या म्हणाल्या आणि आठवडाभर पाट्यावर चटणी वाटून त्याला आवाज ऐकवत राहिल्या.

कॅमेऱ्यासोबत माहितीचं पुस्तक होतं, पण ते जपानीत. त्यामुळे देवराव जे शिकला ते बटणं फिरवून फिरवून. कधी सगळा फोटो पांढरा, कधी सगळा काळा, कधी लेन्सचं झाकणच लावलेलं. एकदा तासभर तळ्याकाठी पालथं पडून त्यानं एका पाखराचे साठ फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर साठच्या साठ फोटो गवताच्या पात्याचे, पाखरू मागं हिरवट डाग होऊन बसलेलं. त्या दिवशी तो इतका गोंधळला, की मलाच विचारत होता, "मी पाखरूच पायत होतो ना रे?" पुढं कधीतरी त्याला एक चकती सापडली. ती पूर्ण उघडली की समोरची वस्तू स्वच्छ येते आणि मागचं सगळं विरघळून जातं. झालं. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. मूलच्या बाजारात गेला, तर एका बाईच्या हातातलं वांगं आलं आणि बाजार गायब. अहेरीला आठवडी बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या म्हातारीच्या नाकातली नथ आली, म्हातारीसुद्धा अर्धीच. वैनगंगेवर गेलो, तर नावाड्याची मूठ. रोवण्याच्या दिवसांत चिखलात वीस बाया ओळीनं वाकलेल्या होत्या, त्यातलं एक रोप आणि दोन बोटं.

"अरे, पण हे कुठचं हे कळत नाई," मी म्हणायचो.

"नाईच कळाले पायजे," तो म्हणायचा. "कळलं की लोक वस्तू पायत नाई, गाव पायतात."

दर रविवारी पहाटे माझी मोटरसायकल, मागं तो, त्याच्या पोटाशी कॅमेऱ्याची पिशवी. मी का जातो, हे मला नीट सांगता येणार नाही. फोटोतलं मला काही कळत नाही. घरी बसलो तर बाजाराची पिशवी हातात येते, हे एक कारण.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. फोनवर या हौशी लोकांचा एक ग्रुप आहे. चंद्रपूरपासून अहेरीपर्यंतचे शंभरेक जण. कोणी डॉक्टर, कोणी तलाठी, कोणी किराणा दुकानदार. एखाद्यानं चांगला फोटो टाकला, की बाकीचे पहिल्यांदा विचारतात, कुठं? आणि खरी जागा कोणी सांगत नाही. एकदा एकानं घुबडाच्या घरट्याची जागा सांगितली, तर पुढच्या रविवारी तिथं नागपूरच्या सात गाड्या उभ्या. तेव्हापासून रिवाज पडला, की गावाचं नाव बरोबर सांगायचं आणि दिशा भलतीच. याला ग्रुपात कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. जागा राखणं म्हणतात. सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी फसत नाही. देवरावनं आयुष्यात खोटं वजन सांगितलं नसेल, पण जागा त्यानंही बऱ्याचदा राखल्या होत्या.

कुसुमटोला हे आमचं आवडतं गाव. पोंभुर्ण्याच्या अलीकडं, डांबरी सोडून सात किलोमीटर आत, चाळीसेक घरं, बहुतेक गोंडांची. गावामागं जुना मोठा तलाव आणि तलावाच्या दोन्ही अंगांना मोहाची झाडं. उगवतीची बाजू आणि मावळतीची बाजू, असंच गाव बोलतं. झाडं रानातली असली तरी बेवारशी नाहीत. कुठलं झाड कुठल्या घरचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. फुलं पडायचे दिवस आले, की ज्याचं झाड तो खालचा पाला झाडून, जाळून जमीन अंगणासारखी साफ करतो, म्हणजे पहाटे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली घेऊन जात नाही. कोणाची अडचण असली, तर झाडवालीच बोलावते, ये, माझ्याकडं वेच.

गाडी आम्ही कलाबाई कोडापेंच्या अंगणात लावायचो. साठीच्या आसपासची बाई, हसली की डोळे बंद होणारी. देवरावला ती फोटोभाऊ म्हणते. तिच्या शेजारी रुखमा राहते, पंचविशीची, नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, पदरात दीड वर्षांची करिश्मा. या पोरीचा एक फोटो देवरावनं काढला होता. त्यात तिच्या गालावरची शिळ्या भाताची दोन शितं आहेत, बाकी काही नाही.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही तिथं गेलो. मोह दुसऱ्या दिवसापासून वेचायचा होता, त्यामुळे रानात माणूस नव्हतं. तलावाच्या पाळीवरून चालत होतो आणि देवराव एकदम खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. त्यानं बोट दाखवलं. उगवतीच्या बाजूला, नाल्याकाठच्या बांबूत, वाघीण. शंभर पावलांवर. पाण्यात पुढचे पाय टाकून बसलेली, आणि तिच्या मागं दोन पिल्लं एकमेकांचे कान ओढत होती. मला एवढंच आठवतं, की मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होतो आणि पुन्हा लावत होतो. देवराव मात्र शांत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोटांना सगळी बटणं सापडत होती.

दहा-बारा मिनिटांनी ती उठली आणि पिल्लांना घेऊन बांबूत शिरली. आम्ही उलट पावली निघालो. अंगणात कलाबाई पाला बांधत होती. "काई दिसलं का, फोटोभाऊ?"

"काई नाई, बाई. पाखरं."

डांबरी रस्त्याला लागल्यावर फोनला रेंज आली. त्यानं तिथंच गाडी थांबवायला लावली. फोटो खरंच सुंदर होता. मिशीचा एकेक केस मोजून घ्यावा असा, ओठावर पाण्याचा थेंब, आणि मागं काही नाही, नुसता पिवळा-हिरवा रंग. पिल्लं त्यात नव्हतीच. कॅमेऱ्यातलं कार्ड फोनला लावून ग्रुपवर टाकला आणि लगेच सुरू झालं. कुठं? कुठं? कुठं? त्यानं लिहिलं, कुसुमटोला तलाव, मावळतीची बाजू. मावळती हे मी सुचवलं, असं देवराव म्हणतो. मला तसं आठवत नाही. पण त्यानं लिहिलं तेव्हा मी हसलो होतो, हे पक्कं आठवतं.

तीन दिवस तो हवेत होता. काट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला फोन काढून दाखवायचा. मालकांनी बघितला, हमालांनी बघितला, पाणी भरणाऱ्या पोरानंही बघितला. बुधवारी दुपारी बाराला कुसुमटोल्याचा जंगू धान घेऊन आला. तो तिथल्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. ट्रॅक्टर काट्यावर उभा करून तो उतरला, खिडकीशी आला आणि त्यानं देवरावचे दोन्ही हात धरले. मी पोत्यांची पावती घ्यायला तिथंच उभा होतो.

"भाऊ, गावावर उपकार केले तुमी," जंगू म्हणाला. "तुमचा फोटो माह्या मोबाइलवर आला. कोनंतरी पाठवला. मावळतीले वाघ हाये म्हून लिहून होतं. मी रविवारच्या रातीच गावात सांगतलं."

देवरावनं हात सोडवून घेतले.

"मावळतीकडच्या साऱ्या बाया आता उगवतीले येऊन राह्यल्या. ज्यायचे झाडं उगवतीले हायेत त्यायनं बोलावलं सगळ्यायले. रुखमा कलाबाईच्या झाडाखाली वेचते. पोरगीले तिथीच झोळी बांधते अन् वेचते बिनघोर." मग त्यानं शर्टाच्या आतून एक पुरचुंडी काढली. "कलाबाईनं पाठवलं तुमाले. लाखोळीची डाळ. घरची हाये."

जंगू गेला. मागचा ट्रॅक्टर काट्यावर आला. देवरावनं त्याचं वजन लिहिलं, मग पुन्हा तोच ट्रॅक्टर तोलला, पुन्हा लिहिलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा तो मला म्हणाला, "थांब जरा. मले समजून नाई राह्यलं."

मलाही समजत नव्हतं. म्हणजे गोष्ट सरळ होती. वाघीण उगवतीला, आणि आमच्या शब्दावर चाळीस घरच्या बाया तिच्या तोंडाशी जाऊन बसलेल्या. पण डोकं सरळ चालत नव्हतं. मी म्हटलं, वाघ काय एका जागी बसतो का, गेली असेल कुठंतरी. तो म्हणाला, पिल्लं हायेत रे, पिल्लं सोडून कुठी जाईन? मी म्हटलं, तीन दिवस बाया जातायत, काही झालं नाही, म्हणजे नाहीच ती तिथं. तो म्हणाला, हो, हेही बरोबर. मग म्हणाला, नाई, हे बरोबर नाई. मग म्हणाला, जंगूला फोन करू. फोन लागला नाही, तो ट्रॅक्टर घेऊन रस्त्यात. मग तो म्हणाला, जंगूला मी सांगू तरी काय?

खरी अडचण तीच होती, आणि ती आम्ही दोघंही तोंडानं बोलत नव्हतो. सांगायचं म्हणजे खोटं बोललो हे सांगायचं. रिवाज ग्रुपातल्या शंभर जणांना ठाऊक, कुसुमटोल्यात कोणाला ठाऊक? तिथं देवराव निमगडे म्हणजे काट्यावरचा माणूस. आज कुसुमटोल्यात कळलं, की उद्या पोंभुर्ण्यात, परवा प्रत्येक ट्रॅक्टरवाला उतरून काटा बघायला येणार. मी त्याला म्हटलं, गप्प बस, आपण दुसऱ्या कोणाकडून तरी निरोप देऊ, की वाघ आता उगवतीला दिसला म्हणून. हे मी म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं.

त्याला ते पटलंही. मग जेवायला घरी गेलो, तर परीक्षा चालू असल्यामुळं माधवीवहिनी लवकर घरी आलेल्या. त्यानं ती पुरचुंडी त्यांच्या हातात दिली आणि कुठून आली हे सांगता सांगता सगळंच सांगून टाकलं. वहिनी ऐकत होत्या. सगळं झाल्यावर एवढंच विचारलं, "ते पोरगी केवढी हाये?"

"दीड वर्साची."

"मंग तुमी इथी काऊन बसले?"

त्यानं ताट तसंच ठेवलं. त्या भागाच्या वनरक्षकाला फोन लावला. तो वीस-पंचवीस किलोमीटरवर दुसऱ्या कामात अडकलेला. म्हणाला, आज अंधार पडायच्या आत पोचत नाही, उद्या पहाटे माणसं घेऊन येतो, तोवर कसंही करून बायांना तिकडं जाऊ देऊ नका. आम्ही निघालो. कॅमेऱ्याची पिशवी त्यानं सवयीनं गळ्यात घातली, मग काढली, मग पुन्हा घातली. दाखवायला लागेल, म्हणाला.

पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. अंगणाअंगणात मोहफुलं वाळत घातलेली, सगळ्या गावाला त्यांचा गोड, जड वास. कलाबाईनं खाट टाकली. फोटोभाऊ आले म्हणून शेजारचे जमले. उपकार केलेला माणूस तो, कोणी पाणी आणलं, कोणी चहाला पळालं. देवराव उभाच होता.

"बाई, उद्यापासून उगवतीले जाऊ नका," तो म्हणाला. "वाघीण तिकडं हाये."

कलाबाई हसली. "अवो भाऊ, तुमीच त म्हनले मावळतीले हाये."

"नाई, उगवतीले हाये. पिल्लं हायेत दोन."

"मंग मावळतीची कोनती?"

"मावळतीले कोनतीच नाई."

"आता गेली का तिकडून?"

"नाई, तिथी होतीच कवा?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. देवरावनं कॅमेरा काढला, मागच्या छोट्या पडद्यावर फोटो लावला आणि पुढं धरला. "हे पाहा. हे उगवतीचं हाये." कॅमेरा हातोहात फिरला. वाघीण सगळ्यांना दिसली. पण तिच्या मागं ना नाला, ना बांबू, ना पाळ, ना एखादं ओळखीचं झाड. नुसता रंग. एका म्हाताऱ्यानं कॅमेरा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "हे कुठचंबी असन," तो म्हणाला. "चंद्रपूरच्या बगिच्यातलंबी असन."

दुसरा एक जण जरा कडक होता. तो म्हणाला, "रविवारी इकडं म्हनलं, आज तिकडं म्हनलं. दोनी बाजू बंद केल्या त आमी मोह कुठी वेचाचा? तुमच्या गाड्या आनाच्या हायेत का रानात? म्हून आमाले हाकलून राह्यले?"

देवराव गोंधळला. इतका, की हो म्हणायच्या जागी नाही आणि नाही म्हणायच्या जागी हो. गाड्या येऊ नयेत म्हणून तर मी, असं काहीतरी तो बोलायला लागला आणि मध्येच थांबला. मी त्याच्या मदतीला गेलो आणि आणखी घोळ घातला. कलाबाईचा चेहरा उतरत चालला. तिला वाटलं, भाऊची तब्येत बरी नाही. ती म्हणाली, "बसा आधी. पानी प्या."

तेव्हा तो म्हणाला, "बाई, मी खोटं बोललो."

कलाबाईनं पुढं केलेला पाण्याचा गडवा खाली ठेवला.

"रविवारी तुमी इचारलं, काई दिसलं का, अन् मी म्हनलं पाखरं. मले वाघीण दिसली होती, तुमच्या झाडाच्या तिकडं, नाल्यात. मोबाइलवर मी मुद्दाम उलटी बाजू लिहिली."

"काऊन?" कलाबाईनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच कळलं नव्हतं. वाघ दिसला तर माणूस माणसाला सांगतो, याच्यापलीकडं काही असू शकतं, हे त्या गावात कोणाच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

"बाकीचे फोटोवाले येऊ नये म्हून," देवराव म्हणाला. "मले एकट्यालेच अजून फोटो पायजे होते."

हे वाक्य मी ग्रुपात पन्नास वेळा वाचलंय. तिथं कधी वाईट वाटलं नाही. त्या अंगणात ते इतकं घाणेरडं वाटलं, की मी खाली बघायला लागलो. मघाचा कडक माणूस काहीतरी शिवी देऊन उठून गेला. चहा घेऊन आलेली पोरगी चहा तसाच धरून उभी राहिली. रुखमा कुडाला टेकून होती, करिश्मा तिच्या कडेवर. तिनं पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

पण विश्वास बसला. फोटोनं जे झालं नव्हतं, ते या एका वाक्यानं झालं. त्या रात्री गावात निरोप फिरला, की उद्या कोणी रानात जायचं नाही. परतताना रेंज आली तिथं देवरावनं ग्रुपवर खरं काय ते लिहून टाकलं. पुष्कळ जणांनी हसल्याची चित्रं पाठवली. एकानं लिहिलं, मान गए, आता तिसरी बाजू राखून राह्यले का?

पहाटे वनरक्षक चार माणसं घेऊन आला. अंधारातच मूलहून परत आलेलो आम्ही दोघं, गावातले दहा-बारा पुरुष, हातात डबे आणि काठ्या. डबे वाजवत, हाका मारत उगवतीच्या बाजूनं शिरलो. कलाबाईच्या झाडाखाली पोचलो आणि वनरक्षकानं हात वर केला. रात्री पडलेल्या फुलांचा सडा होता, कोणी न वेचलेला. आणि त्या झाडून साफ केलेल्या मऊ जमिनीवर, जशी कोणी मुद्दाम उठवावीत तशी, पावलं. मोठ्या पावलांची एक रांग येऊन, झाडाला वळसा घालून, नाल्याकडं गेलेली. आणि लहान पावलं तर मोजता येऊ नयेत इतकी, सगळी एका जागी.

त्या जागेवर झोळी होती. रुखमा रोज दुपारी ती तशीच फांदीला सोडून जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते म्हणून. जुन्या हिरव्या लुगड्याची. तिचं एक टोक खाली ओढलं गेलं होतं आणि चावून चावून चिंध्या झालेलं. पिल्लांनी खेळायला घेतली होती.

"आजच्या पहाटचंच हाये हे," वनरक्षक हळूच म्हणाला. "याच टायमाले बाया येतात ना?"

देवराव जमिनीवर बसला, अगदी फुलांवरच. कॅमेरा त्याच्या गळ्यात होता आणि त्याचे दोन्ही हात त्यावर असे होते, जणू कोणी तो हिसकावून घेतोय. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. वेळेवर आलो, असं काहीतरी. ते तोंडातून निघेना, कारण वेळेवर आलो हे खरं होतं आणि तीन दिवस ती पोर इथं झोपली हेही खरं होतं.

सगळीकडं बघून झाल्यावर वनरक्षकानं हाक दिली, तेव्हा पाळीवर थांबलेल्या बाया आल्या. वेचायला नाही, बघायला. कलाबाईनं पावलं बघितली आणि कपाळाला हात लावला. रुखमा पुढं आली. पोरीला तिनं घरी ठेवलं होतं. ती झोळीपाशी गेली, फाटलेलं टोक हातात धरून बघितलं, मग टाचा उंचावून फांदीची गाठ सोडायला लागली. गाठ पक्की होती. देवराव उठून मदतीला गेला, पण तोवर ती सुटली. तिनं लुगड्याची घडी केली, फाटका भाग आत घेऊन, आणि त्याच्याकडं बघितलं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमाले पायजे होता थो फोटो भेटला ना पन?"

"भेटला," देवराव म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि घडी बगलेत धरून बायांच्या मागं निघून गेली.

वनखात्याची माणसं पंधरा दिवस त्या बाजूला बसली. वाघीण पिल्लांना घेऊन आपणहून पुढच्या डोंगराकडं सरकली. बाया आपापल्या झाडांकडं परत गेल्या, मोह वेचून झाला. कलाबाईनं एकदा जंगूबरोबर निरोप पाठवला, फोटोभाऊ येत काऊन नाई? आम्ही अजून गेलेलो नाही.

झोळी सोडली त्या दिवशी परतताना तो पोटाशी पिशवी धरून मागं बसला होता. डांबरी लागल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "टोमना मारला का रे तिनं?"

मी तिचा आवाज आठवून बघितला. जेवलात का, असं विचारतात ना, तसा तो होता. मी म्हटलं, "मला नाही वाटत."

"मलेबी नाई वाटत," तो म्हणाला. "टोमना असता त बरं होतं."